बहिष्कार : आयर्लंडचा, अमेरिकेचा आणि आपला

(शहाड येथील विहारात संविधान दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आपणांपुढे मी एका शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द आपल्या समाजाच्या पाठीवर पिढ्यानपिढ्या आसुडासारखा पडत आलेला आहे. तो शब्द म्हणजे बहिष्कार. खेड्यात त्याला 'वाळीत टाकणे' म्हणतात. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२४ साली जी पहिली संस्था काढली तिचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा', आणि ३ एप्रिल १९२७ रोजी जे पाक्षिक सुरू केले त्याचे नाव 'बहिष्कृत भारत'. आपली ओळख सांगण्यास त्यांना याहून नेमका शब्द सापडला नाही.

इंग्रजीत या कृत्यास 'बॉयकॉट' म्हणतात, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु बॉयकॉट हे एका माणसाचे आडनाव होते आणि ते आयर्लंडमधून जगभर पसरले, हे फार थोड्यांस ठाऊक असते. आयर्लंड, अमेरिका आणि आपला देश यांनी या एकाच शस्त्राचा अनुभव घेतला, त्यावर कायदेही झाले; आणि बाबासाहेबांनी आपल्या हक्कांची मागणी मांडताना या दोन्ही देशांच्या कायद्यांचा आधार घेतला. म्हणून या तिन्ही ठिकाणचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला पाहिजे.

प्रथम आयर्लंड. १८८० साली त्या देशाची जमीन मूठभर जमीनदारांच्या हाती होती आणि कसणारा शेतकरी केवळ कूळ होता. खंड थकला की त्यास घरातून बाहेर काढीत. मेयो परगण्यात लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा होता. त्या वर्षी पीक वाईट आले होते. कुळांनी खंडात सूट मागितली. पुरेशी सूट मिळाली नाही आणि कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा निघाल्या. त्याच सप्टेंबरात पार्नेल या पुढाऱ्याने एका सभेत सांगितले होते की, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्यास मारू नका; त्याच्याशी बोलणे, व्यवहार करणे, शेजार करणे सोडून द्या. लोकांनी हाच उपाय बॉयकॉटवर चालविला. शेतावरचे मजूर गेले, घरचे नोकर गेले, दुकानदार माल देईना, टपाल आणणारा मिळेना. उभे पीक काढण्यास उत्तरेकडून पन्नास माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणास सुमारे हजार शिपाई व पोलीस लागले. पिकाच्या किमतीहून कितीतरी पट खर्च पहाऱ्यावर झाला. डिसेंबर उजाडताच बॉयकॉट देश सोडून गेला. या कृत्यास सोप्या नावाची गरज होती, कारण विद्वानांचा जड शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी बसेना. जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने लिहून ठेविले आहे की, तेथील पाद्री फादर ओमॅली यांनी त्या कारभाऱ्याचेच नाव सुचविले.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की, येथे बहिष्कार हे दुर्बळाचे शस्त्र होते. ज्याच्या हाती जमीन, न्यायालय आणि पोलीस होते त्याच्याविरुद्ध, ज्याच्या हाती काहीच नव्हते त्याने ते उचलिले. दुसरी ही की, सरकारने एका हाताने दडपशाही केली आणि दुसऱ्या हाताने सुधारणा केली. १८८१ साली खटल्याशिवाय माणसे डांबण्याचा कायदा झाला आणि पार्नेल यांनाही तुरुंगात जावे लागले. त्याच १८८१ साली दुसरा कायदा होऊन कुळास वाजवी खंड आणि जमिनीवर टिकून राहण्याची हमी मिळाली. पुढे १९०३ च्या कायद्याने कुळांना जमीन विकत घेण्याचा मार्ग मोकळा झाला. ज्या दिवशी जमीन कसणाऱ्याची झाली, त्या दिवशी त्या शस्त्राची गरजही उरली नाही.

आता आपल्या खेड्याकडे पाहा. तेथे हेच शस्त्र उलट्या हाती होते. गावाची जमीन, विहीर, दुकान, पिठाची गिरणी ज्यांच्या हाती होती, त्यांनीच ते गावकुसाबाहेरच्यांवर चालविले. मुंबई सरकारने १९२८ साली दलित वर्गाच्या स्थितीची चौकशी करण्यास स्टार्ट साहेबांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. या समितीने स्पष्ट नोंदविले की, अस्पृश्यांनी आपला साधा हक्क बजावला, जमीन घेतली, चांगले कपडे घातले किंवा नवरदेवाला घोड्यावर बसवून सार्वजनिक रस्त्याने नेले, एवढ्या कारणावरूनही गाव त्यांच्यावर बहिष्कार घालते. मारहाण झाली तर जखम दाखविता येते. बहिष्कारात जखम दिसत नाही. फक्त चूल पेटत नाही.

ही गोष्ट मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या आजीने ती मला सांगितली आहे. धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीने मेलेली गुरे ओढणे बंद केले. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याने दळण परत केले. तिसऱ्या दिवशी दुकानदाराने मीठ नाकारले. शेतावरची मजुरी थांबली. कोणी हात उगारला नाही, कोणी शिवी दिली नाही. आजी म्हणे, "शिवी दिली असती तरी बरे वाटले असते, माणूस आहोत एवढे तरी कळले असते." तिने जात्यावर दळले, पण दळावयास दाणे किती दिवस पुरणार? शेवटी आजोबा गाव सोडून इकडे आले. शहाडच्या स्टेशनावर उतरणाऱ्या किती कुटुंबांची हीच कथा आहे, हे या सभागृहातील वृद्धांना विचारा. येथील कारखान्याच्या भोंग्याने आमच्या घरात जो फरक पडला तो हा की, पगार देणाऱ्याचा आणि मीठ विकणाऱ्याचा हात एक राहिला नाही. पोट ज्याच्या हाती, बहिष्काराचा लगाम त्याच्या हाती.

हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखिले होते. १९३० साली लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. तेथे बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी दलित वर्गाच्या संरक्षणाची एक योजना सादर केली. तीत पहिली मागणी समान नागरिकत्वाची होती, आणि तिच्या आधारासाठी दोन कायद्यांचा हवाला दिला होता : अमेरिकेच्या संविधानाची चौदावी दुरुस्ती आणि आयर्लंडच्या राज्यकारभाराचा १९२० चा कायदा. त्या आयरिश कायद्याच्या पाचव्या कलमात असे होते की, धर्ममतामुळे कोणावर जी दंडबंधने किंवा अपात्रता पूर्वीच्या कायद्यांनी लादली असेल ती ठरल्या दिवसापासून नष्ट होईल. बाबासाहेबांच्या योजनेत धर्ममताच्या जागी अस्पृश्यता आली, आणि जुन्या कायद्यांच्या जोडीला रूढीही आली. हा एक शब्द फार महत्त्वाचा आहे. आयर्लंडमध्ये अन्याय कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला होता. आपल्याकडे तो कोठेही लिहिलेला नसताना पाळला जात होता. म्हणून रूढीचे नाव घेणे अवश्य होते. पुढे आपल्या संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदातही 'कायदा' या शब्दात रूढी आणि परिपाठ यांचा समावेश झाला.

त्याच योजनेत हक्कभंग करणाऱ्यास शिक्षा देण्यासाठी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला होता. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या निग्रो समाजासाठी हे कायदे झाले होते. आणि बहिष्कारास गुन्हा ठरविण्यासाठी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुना घेतला होता. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी जे निवेदन त्यांनी तयार केले, त्यातही हीच मागणी पुन्हा आली. सतरा वर्षांत परिषदा बदलल्या, राज्यकर्ते बदलले. मागणी बदलली नाही.

आता अमेरिकेचा धडा ऐका. १८७५ च्या कायद्याने खाणावळी, नाटकगृहे, प्रवासी वाहने यांत वर्णभेद करण्यास बंदी केली. परंतु १८८३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. न्यायालय म्हणाले, चौदावी दुरुस्ती राज्यसरकारला बांधते. खाणावळीच्या मालकाला बांधत नाही. नऊ न्यायमूर्तींपैकी एकट्या हार्लन यांनी याविरुद्ध मत दिले. परिणाम काय झाला? सरकारने भेद करावयाचा नाही, पण शेजाऱ्याने, दुकानदाराने, हॉटेलवाल्याने खुशाल करावा, अशी स्थिती झाली. ही भगदाड बुजविणारा देशव्यापी कायदा होण्यास १९६४ साल उजाडावे लागले. एक्याऐंशी वर्षे गेली.

आपल्या संविधानात हे भगदाड ठेविलेले नाही. पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा भाग वाचा. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावे तेथे एकेक करून घातली आहेत. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या शब्दांवर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला की, 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. पैसे घेऊन सेवा देणारा धोबी आणि केस कापणारा यांचाही त्यात समावेश होतो. आणि सतरावा अनुच्छेद तर अस्पृश्यता पाळणाऱ्या प्रत्येकास उद्देशून आहे, मग तो सरकार असो की शेजारी. ज्या देशात अन्याय शेजारी करतो, त्या देशात हक्कही शेजाऱ्याविरुद्ध असावा लागतो.

आयर्लंडकडून आपण आणखी एक गोष्ट घेतली. त्या देशाच्या १९३७ च्या संविधानात सामाजिक धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांची अंमलबजावणी न्यायालयाकरवी करून घेता येत नाही, परंतु कायदे करताना ती पाळावयाची असतात. त्यांत दुर्बल घटकांच्या आर्थिक हिताची विशेष काळजी घेण्याचे वचन आहे. आपला सेहेचाळिसावा अनुच्छेद त्याच वळणाचा आहे. मात्र त्यात अनुसूचित जाती आणि जमातींचे नाव स्पष्ट घातले आहे आणि सामाजिक अन्यायापासून रक्षण करण्याचीही आज्ञा आहे. अमेरिकेकडून न्यायालयात मागता येणारा हक्क आणि आयर्लंडकडून राज्याने पाळावयाचे कर्तव्य, अशा दोन्हींची जोड आपल्या संविधानात आहे. नुसता हक्क मिळाला आणि पोट परस्वाधीन राहिले, तर तो हक्क बजाविण्याची हिंमत होत नाही.

या पायावर कायदे झाले. अस्पृश्यता (अपराध) कायदा १९५५ साली झाला. १९७६ साली तो कडक करून त्यास नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. हक्क बजावल्याबद्दल बहिष्कार घालणे त्यात गुन्हा आहे. घर किंवा जमीन नाकारणे, काम किंवा व्यवहार तोडणे हे सर्व त्या व्याख्येत येते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला, आणि २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणे, इतकेच नव्हे तर त्याची धमकी देणे, हाही त्यात स्पष्ट गुन्हा ठरला. बौद्ध झालेल्यांना या कायद्याचा आश्रय मिळतो की नाही, अशी शंका कोणाच्या मनात असेल तर ती काढून टाकावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत धर्माशी जोडली होती, त्यामुळे धर्मांतरितांस पुष्कळ वर्षे झगडावे लागले. १९९० साली संसदेने त्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला. मात्र त्यासाठी दाखला लागतो. तो मुलांच्या शाळाप्रवेशाच्या दिवशी शोधू नका. आजच करून ठेवा.

कोठे बहिष्काराचा प्रसंग आलाच तर कसे वागावे, तेही सांगतो. कोणत्या दिवशी, कोणी, कोणासमोर, काय नाकारले, हे त्याच दिवशी वहीत लिहा. एकट्याने जाऊ नका. दोन साक्षीदार घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि तक्रार लेखी द्या. प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळणे हा तक्रारदाराचा हक्क आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही, आणि तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा नसतो. महाडच्या तळ्याचा दावा १९२७ साली सुरू झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला. दहा वर्षे बाबासाहेबांनी ती तारीखवही सोडली नाही. आपण पहिल्या तारखेलाच कंटाळू नये.

येथवर जे सांगितले त्याने आपणांस बरे वाटले असेल. आता जे सांगणार आहे त्याने बरे वाटणार नाही, आणि तेच सांगण्यासाठी मी मुख्यतः आलो आहे.

बहिष्कारविरोधी कायदा नेहमी दुर्बळाच्याच कामी येतो असे नाही. अमेरिकेत माँटगोमेरी शहरी १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या बाईंनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्याचे नाकारले आणि त्यांना अटक झाली. मग काळ्या समाजाने ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. लोक मैलोगणती चालले. तेव्हा अलाबामा राज्याने १९२१ चा बहिष्कारविरोधी कायदा बाहेर काढून मार्टिन ल्यूथर किंग यांनाच दोषी ठरविले. अखेर १९५६ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद अवैध असल्याचा निकाल कायम केला आणि डिसेंबरात तो लढा संपला. ज्या वर्षी नागपुरास आपल्या लोकांनी धम्म स्वीकारला, त्याच वर्षी तिकडे ते लोक पायी चालत होते.

मग चांगला बहिष्कार कोणता आणि वाईट कोणता, हे ओळखावे कसे? मला एक साधी कसोटी दिसते. माँटगोमेरीच्या लोकांनी स्वतःची सोय सोडली. आमच्या गावाने दुसऱ्याचे मीठ तोडले. जो स्वतः झीज सोसून अन्यायाशी सहकार करण्याचे थांबवितो, तो लढा देतो. जो आपल्या बळावर दुसऱ्याच्या घरची चूल विझवितो, तो जुलूम करतो. दोघांच्या कृत्याला नाव एकच, पण धर्म वेगळा.

आता स्वतःला विचारा, आपण कोठे उभे आहोत? काही वर्षांपूर्वी एका वस्तीच्या समितीत मी होतो. तेथील एका कुटुंबाने घरात जुने देव ठेविले होते. समितीने ठराव केला की, त्यांना विहाराची भांडी द्यावयाची नाहीत, त्यांच्या घरच्या कार्यास कोणी जावयाचे नाही. त्या ठरावावर माझी सही होती. दोन महिन्यांनी त्या घरातील म्हातारा वारला. प्रेताला खांदा द्यावयास त्यांचे दोन मुलगे आणि बाहेरगावचे दोन पाहुणे, एवढेच होते. आम्ही दारातून पाहत राहिलो. त्या रात्री मला आजीचे जाते आठवले. गिरणीवाल्याने परत केलेले ते दळण आता मीच परत केले होते.

महाराष्ट्रात याविषयीचा कायदाही झाला आहे. मुंबई राज्याने १९४९ साली समाजातून बहिष्कृत करण्यास बंदी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो कायदा रद्द ठरविला. त्यानंतर जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध पुष्कळ आवाज उठल्यावर विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा संमत केला आणि तो २०१७ च्या जुलैत लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. हा कायदा एका जातीविरुद्ध नाही. तो कोणत्याही समाजाने आपल्याच माणसावर घातलेल्या बहिष्काराविरुद्ध आहे. म्हणजे माझ्यासारख्या सही करणाऱ्यालाही तो लागू पडू शकतो, आणि तसा तो लागू पडावा हेच योग्य आहे.

कोणी म्हणेल, संघातही शिस्त असते. असतेच. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी छन्न नावाच्या उद्धट भिक्षूस ब्रह्मदंड देण्यास सांगितले : त्याने काहीही म्हणावे, पण भिक्षूंनी त्याच्याशी बोलू नये, त्यास उपदेश करू नये. परंतु पुढची गोष्ट विसरू नका. त्याच्या भिक्षेवर बंदी घालण्याची आज्ञा नव्हती. छन्नास पश्चात्ताप झाला, तो एकांतात साधनेस लागला आणि अर्हत् झाला. ज्या क्षणी तो अर्हत् झाला त्याच क्षणी तो दंड सरला, असे आनंदाने त्यास सांगितले. तो दंड माणसास सुधारून जवळ आणण्यासाठी होता. आमचा ठराव माणसास दूर ढकलण्यासाठी होता.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. ज्या घरात अजून जुने देव आहेत त्या घराशी बोला, वाद घाला, पुस्तक द्या; पण त्या घरचे दुःख आपले माना. ज्या मुलीने आपल्या पसंतीने लग्न केले तिच्या आईला हळदीकुंकवाच्या काळातल्यासारखे दाराबाहेर उभे करू नका. पोटजातीचे नाव काढून कोणाची सोयरीक मोडू नका. आणि बाहेरच्या कोणी आपले दळण परत केले, तर मात्र एक दिवसही गप्प बसू नका. वही काढा आणि ठाण्यात जा.

आयर्लंडच्या शेतकऱ्यास जमीन मिळाली, अमेरिकेच्या प्रवाशास बसमधली जागा मिळाली. आपणांस संविधान मिळाले आहे. ते हातात धरून दुसऱ्याकडे बोट दाखविणे सोपे आहे. त्याच्या प्रकाशात आपलेच दार उघडे आहे की बंद, हे पाहणे कठीण आहे. आज घरी गेल्यावर ज्याच्या घरी आपण पुष्कळ दिवस गेलो नाही, त्याच्या घरी जाऊन एक कप चहा घ्या. मी त्या म्हाताऱ्याच्या मुलांकडे गेलो होतो. थोरल्याने काही न बोलता पाट पुढे सरकविला.

जय भीम.